आढावांकडचा गार चहा

आढावांकडचा चहा मी आयुष्यात कधी गरम प्यायले नाही.

चहा चांगला असायचा हं. आलं ठेचून घातलेलं, साखर बेताची, आणि कप असा काठोकाठ भरलेला की दोन थेंब बशीत सांडलेच पाहिजेत. पण कप हातात आला की आढाव डोळे मिटायचे. एकदा का त्यांनी डोळे मिटले, की आपण गॅलरीकडे बघत बसायचं. विश्रांतवाडीतल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दुपारचं ऊन दुधीच्या पानांतून झिरपत आत यायचं. फरशीवर हिरवट डाग हलायचे, कपावरची वाफ बारीक होत जायची, आणि आढाव खर्जातल्या, झोपेत बोलल्यासारख्या आवाजात एकेक नाव घेत राहायचे.

“प्रभू, या चहाबद्दल तुझे आभार. दूध आणणाऱ्या संतोषबद्दल आभार. गॅसची टाकी खांद्यावरून तीन मजले चढवणाऱ्या यल्लप्पाबद्दल आभार. मंडईतल्या कोंडाबाईंनी आलं निवडून दिलं, त्यांच्याबद्दल आभार, त्यांचा गुडघा बरा कर. पहाटे पाण्याची चावी फिरवणाऱ्या ज्ञानोबाबद्दल आभार...”

मी कोथरूडची. आमच्याकडे चहा म्हणजे तोंड भाजलं पाहिजे. पहिल्यांदा मी गप्प बसले, दुसऱ्यांदा खाकरले, तिसऱ्यांदा मात्र बोललेच. “अहो आढाव, तुमच्या देवाला हे सगळं माहीत असेल की! यादी कशाला वाचता?”

त्यांनी एक डोळा उघडला. “त्याला माहीत आहे हो बाई. मलाच विसरायला होतं.” आणि डोळा पुन्हा मिटून जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू.

आता आढाव नाहीत. जाऊन वर्ष होत आलं. आता चहा गरम पिता येतो, आणि तो काही केल्या गोड लागत नाही.

आम्ही दोघं पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर होतो, सव्वीस वर्षं, शेजारी शेजारी. माझं काम तक्रार लिहून घेण्याचं आणि त्यांचं काम तक्रार सुटली की नाही ते फोन करून विचारण्याचं. सकाळी खिडकी उघडली की समोर रांग, आणि रांगेतला प्रत्येक माणूस घरून भांडण तयार करून आलेला. चार तास शिव्या खाल्ल्या की माझं डोकं भणभणायचं. मीही काही कमी नव्हते. “पाणी नाही तर माझ्या डोळ्यांतून काढू का?” असं एकाला म्हटल्याबद्दल मला साहेबांनी बोलावून घेतलं होतं.

दुपारी रांग ओसरायची. पंखा कुरकुरायचा, फायलींवरची धूळ उन्हात तरंगायची, मला पेंग यायची, आणि त्या पेंगेत शेजारून एकच वाक्य ऐकू येत राहायचं. “नमस्कार, पाण्याच्या ऑफिसातून आढाव बोलतोय. पाणी पोचलं का?” मग जरा थांबून, “पोचलं? फार बरं झालं.” पुन्हा दुसरा नंबर. पाणी पोचलं का? अजूनही दुपारी डोळा लागता लागता मला ते ऐकू येतं.

“आलं का विचारा ना, पोचलं का काय?” मी एकदा म्हटलं.

“पाणी सोडणं आपल्या हातात, बाई. पोचणं ही निराळी गोष्ट आहे.”

उंच, किडकिडीत माणूस. बाराही महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याचं बटण लावलेलं, खांद्याला कापडी पिशवी. आवाज कधी चढला नाही. पण एक खोड अशी होती की तिच्यापायी त्यांच्याबरोबर रस्त्यानं जाण्याची सोय नव्हती. ते प्रत्येकाला नाव विचारायचे. चहावाल्याला, वॉचमनला, लिफ्टवाल्याला. बसमध्ये चढले की तिकिटाआधी कंडक्टरला, “आपलं नाव काय हो?”

कंडक्टर लगेच ताठ व्हायचा. “का? काय झालं? तक्रार करायचीय?”

“नाही नाही. आभार मानायचे होते.”

“कशाचे?”

“बस थांबवलीत त्याचे.”

आता पुण्यात बस थांबवल्याबद्दल आभार मानणारा माणूस म्हटल्यावर कंडक्टरनं काय समजायचं? टोमणाच समजायचे सगळे. एकानं तर भर बसमध्ये सुनावलं, “काका, थांब्यावरच थांबवलीय, उपकार नाही केले.” मी खिडकीबाहेर बघत यांची ओळखच नसल्यासारखी बसले होते. आढाव मात्र शांतपणे म्हणाले, “नावाशिवाय आभार पोचत नाहीत, म्हणून विचारलं.” शेवटी त्या बिचाऱ्यानं नाव सांगितलं, आणि संध्याकाळी घरी जेवणाच्या ताटावर तो कंडक्टरही त्यांच्या यादीत जाऊन बसला असणार.

माणसाचं नाव फक्त त्याच्याविरुद्ध तक्रार करायची असली तरच विचारतात, हे तोवर माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. सव्वीस वर्षं मी नावं लिहीत होते, ती सगळी त्याच कामासाठी.

पेठेतल्या एका पेन्शनर गृहस्थांची गोष्ट सांगते. पाच दिवस नळाला थेंब नव्हता, रोज खिडकीवर यायचे आणि रोज माझी अक्कल काढून जायचे. सहाव्या दिवशी पाणी आलं. आढावांनी फोन केला, “पोचलं का?”

“पोचलं. उपकार झाले आपले,” पलीकडून उत्तर आलं. कसल्या स्वरात, ते पुण्याच्या माणसाला सांगायला नको.

“माझे नाहीत,” आढाव म्हणाले. “तुमच्या भागातल्या चावीवाल्याचे. ज्ञानोबा नाव त्याचं. पहाटे चारला उठून रस्त्यावरच्या खड्ड्यात वाकून तो चावी फिरवतो, तेव्हा आपल्या नळाला पाणी येतं. दिसला तर त्याला तेवढं सांगा.”

“पाणी माझ्या हक्काचं आहे, मिस्टर! पट्टी भरतो मी.”

“हक्काचंच आहे. पण चावी आपोआप फिरत नाही ना हो.”

तिकडून फोन आपटला. मी म्हटलं, हात तिच्या, आता लेखी तक्रार येणार. पंधरा दिवसांनी ज्ञानोबाच ऑफिसात आला. मिशीतल्या मिशीत हसत होता. म्हणाला, “आढावसाहेब, त्या पेठेतल्या आजोबांनी पहाटे दार उघडून मला हाक मारली. म्हटलं, आता शिव्या खायच्या. तर म्हणाले, ज्ञानोबा तूच का? बरं, ठीक आहे. आणि दार लावून घेतलं!”

“म्हणजे आभार मानले की,” मी म्हणाले. पेठेतल्या माणसाकडून त्याहून जास्त काय मिळणार?

आढावांच्या बायकोचं नाव सुशीला. त्यांना मी वहिनी म्हणायचे. गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या, आणि नवऱ्याच्या लांबलचक प्रार्थनेवर वैतागणाऱ्या जगातल्या दुसऱ्या बाई. “यांचं आमेन होईपर्यंत पोळीचा पापड होतो,” असं त्या माझ्या कानात सांगायच्या. त्यांचा जीव गॅलरीतल्या दुधीत. पाण्याचा जुना निळा पिंप अर्धा कापून त्यात त्यांनी माती भरली होती, आणि दरवर्षी त्यात दुधीच्या दोन बिया टोचायच्या. वेल ग्रिलवरून वर चढून चौथ्या मजल्यावाल्यांच्या कपड्यांपर्यंत जायचा.

तो दुधी खाण्यासाठी नसायचा. पावसाळा सरला की त्यांच्या कॅम्पातल्या चर्चमध्ये कापणीचा सण असतो. ज्यानं जे पिकवलं त्यातलं पहिलं आणून देवापुढे ठेवायचं, आणि वर्षभराबद्दल आभार मानायचे. आता पुण्यात राहून पिकवणार काय? बहुतेक मंडळी आदल्या दिवशी मंडईत जातात आणि भोपळा नाहीतर फ्लॉवर घेऊन येतात. वहिनींना ते पटत नसे. त्यांचा दुधी मात्र घरचा.

एका वर्षी पाऊस लांबला, वेलाला कीड लागली, फुलं गळाली. सणाच्या सकाळी वेलावर एकच दुधी होता, माझ्या करंगळीएवढा. आढाव म्हणाले, मंडईतून एक आणतो, कोणाला कळणार आहे? वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा बोलले नाहीत. मग वहिनींनी तो बोटाएवढा दुधी स्टीलच्या ताटलीत ठेवला, वर क्रोशाचा रुमाल झाकला आणि चर्चमध्ये नेऊन भल्या थोरल्या भोपळ्यांच्या रांगेत ठेवला. लोक हसले. वहिनीही हसल्या. “जेवढं आलं तेवढं,” म्हणाल्या. “नाही आलेल्याचे आभार कसे मानायचे? देवाला काय फसवायचंय?”

हे सांगताना आढावांच्या चेहऱ्यावर जो अभिमान असायचा, तो मी पदक मिळालेल्या माणसाच्या चेहऱ्यावरही पाहिलेला नाही. त्या घराचा तो नियमच होता. आभार नाव घेऊन मानायचे, आणि खोटे मानायचे नाहीत.

आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो. त्यानंतर दर गुरुवारी दोन बस बदलून मी कोथरूडहून विश्रांतवाडीला जायचे आणि गार चहा पिऊन यायचे. मग कोरोना आला. दुसऱ्या लाटेत वहिनींना ताप आला, तिसऱ्या दिवशी धाप लागली, आणि एका मैदानावर उभारलेल्या तात्पुरत्या रुग्णालयात त्यांना न्यावं लागलं. दारापासून पुढे आढावांना जाऊ दिलं नाही.

अकरा दिवस. दहाव्या दिवशी दुपारी आढावांच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. कुणीतरी वहिनींचा फोन त्यांच्या तोंडासमोर धरला होता. वहिनींना बोलता येत नव्हतं, ओठ कोरडे पडले होते. मग पडद्यावर एक हात आला. निळा रबरी मोजा, आणि मोज्याच्या आत मनगटावर काचेच्या बांगड्यांचा उंचवटा. त्या हातात चमचा होता. एका बाईचा आवाज म्हणाला, “घ्या ताई, अजून एक घोट. साहेब बघतायत बघा.” वहिनींनी तो घोट घेतला आणि किंचित हसल्या. आढाव म्हणाले, “बाई, तुमचं नाव काय हो?” आणि तेवढ्यात कॉल तुटला.

दुसऱ्या दिवशी वहिनी गेल्या.

“तिथल्या कामगारांच्या पाठीवर नावं लिहिलेली असायची, बाई,” आढाव मला नंतर कितीदा तरी म्हणाले. “त्या पांढऱ्या पोशाखावर, मार्करनं. पण फोन धरणाऱ्याची पाठ आपल्याला कशी दिसणार?”

टाळेबंदी उठल्यावर मी पहिल्यांदा गेले, तेव्हा गॅलरीतल्या पिंपात माती भेगाळून पडली होती. आढावांनी चहा केला. डोळे मिटले. “प्रभू, या चहाबद्दल तुझे आभार. संतोषबद्दल आभार. यल्लप्पाबद्दल, कोंडाबाईंबद्दल आभार. ज्ञानोबाबद्दल आभार. आणि सुशीलाला शेवटचं पाणी पाजलं त्या...”

तिथे ते थांबले. मी वाट पाहिली. गॅलरीतून लांबच्या रस्त्याचा आवाज येत होता. वाफ गेली, चहावर साय धरली, साय आक्रसली. आढाव तसेच डोळे मिटून बसलेले. आमेन झालंच नाही. कप तसाच उचलून त्यांनी मोरीत ओतला.

पुढच्या गुरुवारी तेच, त्याच्या पुढच्या गुरुवारी तेच. चहाचं तसं जेवणाचं. ताट समोर घ्यायचं, नावं सुरू करायची आणि त्या ठिकाणी अडकायचं. आधीच किडकिडीत माणूस, त्याची नुसती हाडं दिसायला लागली. चर्चचे पाळकसाहेब समजवायला आले, “देवाची इच्छा म्हणा, आढाव, आणि त्यातही आभार माना.”

“सुशीला गेली याबद्दल मी आभार मानणार नाही,” आढाव म्हणाले. “ते खोटं होईल. पण जिनं तिला पाणी दिलं तिचे आभार मला मानायचेत. तेवढे खरे आहेत. ते मानल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.” त्या वर्षी कापणीच्या सणाला ते गेलेच नाहीत.

मला त्यांची भीती वाटायला लागली. स्पष्टच सांगते, हा माणूस असाच उपाशी मरेल असं मला वाटत होतं.

तेव्हा आम्ही दोघं तिला शोधायला निघालो. मैदानावर जाऊन पाहिलं तर मांडव निघालेला, खांबांचे खड्डे तेवढे उरलेले आणि त्यांत गवत. कुणी सांगितलं त्या बायका कंत्राटी होत्या, कुणी सांगितलं अमुक कचेरीत विचारा. गेलो. काय गंमत बघा, उभं आयुष्य खिडकीच्या आत काढलेली आम्ही दोघं खिडकीच्या बाहेर रांगेत उभी होतो. आमचा नंबर आला.

“काय तक्रार आहे?” आतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं. अगदी माझ्यासारखं.

“तक्रार नाही,” आढाव म्हणाले. “एका बाईंचे आभार मानायचेत. त्यांचं नाव हवं होतं.”

“त्याचा फॉर्म नाही आमच्याकडे.”

“अहो, पण...”

“आजोबा, जुन्या याद्या कोण काढणार? तक्रार असेल तर चौकशी लागते, मग काढाव्याच लागतात. नुसतं असं नाही काढता येत. पुढचे या.”

मला काय झालं कोण जाणे, माझ्यातली सव्वीस वर्षं एकदम जागी झाली. आढावांना बाजूला ओढून म्हटलं, “तक्रार करा.”

“काय?”

“तक्रार करा तिच्याविरुद्ध! अमुक तारखेला, अमुक खाटेवरच्या रुग्णाला डॉक्टरांना न विचारता पाणी पाजलं. लेखी द्या. आठ दिवसांत नाव, गाव, पत्ता सगळं बाहेर काढतील. मी खात्यात होते, मला शिकवू नका. तक्रारीचाच माणूस सापडतो या देशात.”

मी फॉर्म आणला, पेन त्यांच्या हातात दिलं. आढाव भिंतीला टेकून उभे राहिले आणि फॉर्म पिशवीवर धरून लिहू लागले. आपलं नाव लिहिलं. वहिनींचं नाव लिहिलं. तारीख लिहिली. ‘तक्रारीचा तपशील’ या ओळीवर पेन टेकवलं आणि तिथे बराच वेळ थांबले. पेनाचा एक निळा ठिपका कागदावर मोठा होत गेला. मी मनात म्हणत होते, लिहा हो, लिहा एकदाचं.

त्यांनी फॉर्मची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि खिशात ठेवून दिली.

“तिची नोकरी जाईल, बाई,” ते म्हणाले. “कुठेतरी कामाला असेल आता. मला तिचं नाव आभारांसाठी हवंय. घाबरवून काढलेलं नाव घेऊन मी काय करू?”

आम्ही बसथांब्याकडे चालू लागलो. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मी ती धुळीच्या नावावर खपवत होते.

त्यानंतरच्या गुरुवारी मी खोटं बोलले. ठरवून गेले नव्हते. चहा आला, नावं सुरू झाली, त्या ठिकाणी गाडी अडली. मला ते बघवेना. मी म्हटलं, “आढाव, नाव सापडलं.”

त्यांनी डोळे उघडले.

“माझ्या भाचीची मैत्रीण तिथे कामाला होती. तिला आठवतंय. बांगड्या मोज्याच्या आत ठेवायची, तीच. नाव...” आणि इथे माझी वाचा बसली. सव्वीस वर्षांत हजारो नावं लिहिली मी, पण आयत्या वेळी एक आठवलं तर शपथ. माझी नजर गॅलरीबाहेर गेली. “मंगल,” मी म्हणाले. “मंगल नाव तिचं. पण आता ती गावी गेली. कुठल्या गावी, ते नाही माहीत. फोनही नाही.”

“मंगल,” आढाव हळूच म्हणाले. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग डोळे मिटले. “मंगलबद्दल तुझे आभार. आमेन.” आणि तो गारढोण चहा त्यांनी एका दमात पिऊन टाकला.

घरी जाताना मला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ज्या घरात मंडईतला दुधी घरचा म्हणून चालत नव्हता, तिथे मी बनावट नाव ठेवून आले होते. पण आढाव जेवायला लागले, अंगावर मूठभर मांस आलं. दर गुरुवारी मंगलचं नाव निघालं की मी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसायचे. पावसाळ्यात बघितलं तर पिंपात दोन हिरवी पानं वर आली होती. वहिनींनी काडेपेटीत ठेवलेल्या बिया त्यांना सापडल्या होत्या.

“बाई, या वर्षी सणाला याल का?” त्यांनी विचारलं.

मी गेले. चर्चच्या खांबांना ऊस बांधलेले, पुढे भोपळे, मक्याची कणसं, केळीचे घड, आणि एका फ्लॉवरवर मॉलचं लेबल तसंच राहिलेलं. दारांतून येणाऱ्या उन्हात ती सगळी भाजी शेतातल्यासारखी चमकत होती. मधोमध स्टीलच्या ताटलीत, क्रोशाच्या रुमालावर, बोटाएवढा एक दुधी. बिया उशिरा लावल्या होत्या, तेवढाच धरला होता.

गाणी झाली. पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाला आभार मानायचे आहेत? कुणाच्या मुलाला नोकरी लागली होती, कुणाचे मूतखडे निघाले होते. मग आढाव उभे राहिले.

“मागच्या सणाला मी आलो नाही,” ते म्हणाले. “मला एक नाव सापडत नव्हतं. सुशीलाला ज्या बाईनं पाणी पाजलं, तिचं. मग मला एकीनं नाव आणून दिलं. ते खोटं होतं.”

मी जमिनीकडे बघितलं. फरशी दुभंगली असती तर बरं झालं असतं.

“मी सव्वीस वर्षं तक्रारीच्या खिडकीवर काढली. कोण खरं बोलतंय नि कोण नाही, ते मला कळतं. शिवाय माझ्या गॅलरीसमोर एक मंगल कार्यालय आहे. त्याचा बोर्ड मी रोज वाचतो.” मंडळी हसली. “पण मी ते नाव घेत राहिलो, आणि खोटं घेतलं नाही. मंगल म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर जी बाई यायची, तिच्याबद्दलच मी देवाचे आभार मानत होतो. ती कोथरूडला राहते. फटकळ आहे. माझ्यासाठी दोन बस बदलून येते आणि गार चहा पिऊन जाते.”

आता कुठे बघायचं तेच मला कळेना. शेजारच्या एका आजींनी माझा हात हातात घेतला. ओळख ना पाळख.

“आणि मग माझ्या लक्षात आलं,” आढाव म्हणत होते, “आमचा ज्ञानोबा पहाटे चावी फिरवतो, तेव्हा त्याला कुठे ठाऊक असतं, कोणाकोणाच्या घरी पाणी गेलं? नावं माहीत नसतात त्याला. तरी पोचतं. मग माझे आभार नावाशिवाय का पोचू नयेत?”

त्यांनी डोळे मिटले. “प्रभू, सुशीला गेली, याबद्दल मी आजही तुझे आभार मानत नाही. ते माझं तुझ्याशी भांडण आहे, ते तेवढं राहू दे. पण त्या बाईबद्दल आभार. तिचं नाव तुला ठाऊक आहे. तिच्या हाताबद्दल, त्या चमच्याबद्दल, त्या एका घोटाबद्दल तुझे आभार. आमेन.”

मी कधी कुठल्या चर्चमध्ये तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांबरोबर मीही आमेन म्हणाले, आणि जरा मोठ्यानंच.

नंतर आवारात चहा होता. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर आढाव म्हणाले, “घ्या बाई, गरम आहे तोवर.” नावं सगळी आत घेऊन झाली होती ना! मी घोट घेतला आणि जीभ चांगली पोळली.

त्यांची विश्रांतवाडीची बस रस्त्याच्या पलीकडच्या थांब्यावरून होती, माझी अलीकडच्या. मध्ये गाड्यांची ही गर्दी. पिशवी खांद्याला लावून आढाव तिकडे उभे होते, दुपारच्या पिवळ्या उन्हात, गळ्याचं बटण लावून. एकाएकी त्यांनी तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि गाड्यांच्या वरून मला ओरडून विचारलं, “बाई! पोचलं का?”

त्या माणसाचा आवाज सव्वीस वर्षांत चढला नव्हता. रस्त्यावरचे लोक बघायला लागले. मी कोथरूडची, भर रस्त्यात ओरडणं माझ्या सात पिढ्यांत कुणी केलं नसेल. मीही ओरडले, “पोचलं हो! पोचलं!”

त्यांनी हात वर केला. मध्ये बस आली, ते चढले, आणि बस निघाली. मागच्या काचेतून मला ते शेवटचे दिसले ते असे: एका हातानं दांडा धरलेला, आणि कंडक्टरकडे वाकून त्याला काहीतरी विचारत होते.